राणीचं नाव घेऊन कुणाला दौडवू नका

"लक्ष्मीबाई नगरात राहता आणि घोड्याला घाबरता?" आमच्या या वसाहतीतल्या ज्या कुणी घोडेस्वारी शिकायला घेतली, त्याने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. आयएनए मार्केट आणि सरोजिनी नगर यांच्या मधली ही दिल्लीतली सरकारी क्वार्टरांची वस्ती. रेसकोर्स आणि जयपूर पोलो ग्राउंड इथून फार लांब नाही. त्यामुळे पहाटे हेल्मेट हातात घेऊन निघालेली माणसं इथे अधूनमधून दिसतात. मुलं जास्त, पण चाळिशी ओलांडलेल्या बायकाही. चालीवर सगळ्यांचं बरं चाललेलं असतं, दुडकीवरही जमतं. दौडीची वेळ आली, उस्तादाने "अब कँटर" म्हटलं, की कित्येकांचा श्वास अडकतो आणि हात लगामावर आवळतात. त्यानंतर सुरू होतात सल्ले. मराठ्याच्या रक्तातच घोडा आहे, तुला कसली भीती? घोड्याला तुझी भीती कळते, तेव्हा ती दाखवू नकोस. एकदा डोळे मिटून टाच मार आणि पळव, भीती जन्माची जाईल. आणि पडलीस तर तिथल्या तिथे उठून परत चढ.

हे सगळे सल्ले प्रेमाने दिले जातात. तरीही ते चुकीचे आहेत, आणि त्यातले दोन तर धोक्याचे आहेत. दौडीची भीती वाटणाऱ्या माणसात काही कमी असतं, या एका समजावर ते उभे आहेत. माझं म्हणणं असं आहे की त्या माणसाला जे कळलेलं असतं, ते खरं असतं: आपली मांड अजून पक्की नाही, आणि हा घोडा सुटला तर आपल्याला थांबवता येणार नाही. ज्याला थांबवता येत नाही त्याने पळवायला घाबरावं, हे शहाणपणाचंच आहे. तेव्हा ही भीती घालवायची असेल तर आधी थांबायला शिकवा.

राणीच्या नावाने दिला जाणारा दाखला मला सर्वांत जास्त खटकतो, कारण त्यात राणीवरच अन्याय आहे. आपल्या डोळ्यांसमोर पुतळ्यातली राणी असते: घोडा मागच्या पायांवर उभा, पाठीशी बांधलेला दामोदर, हातात उगारलेली तलवार. त्या चित्रातून आपण एवढंच उचललं की ती निर्भय होती. ती निर्भयता कशी घडली, हा प्रश्न विचारायचं राहूनच गेलं. वरसईचे विष्णुभट गोडसे सत्तावनच्या धामधुमीत उत्तरेत अडकले आणि वेढ्याच्या दिवसांत झाशीतच होते. त्यांचं 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्यांनी छापून प्रसिद्ध केलं. त्यात दिसणाऱ्या बाईसाहेब रोज पहाटे व्यायाम करणाऱ्या आहेत. मलखांब आहे, जोर आहेत, जोडी आहे, आणि घोडा मंडळावर धरून फिरवणं आहे. मंडळ म्हणजे वर्तुळ. ठरलेल्या वर्तुळात, ठरलेल्या चालीत, पुन्हा पुन्हा. ब्रह्मावर्तात नानासाहेबांच्या सहवासात लहानपण गेलेल्या, घोड्यावर वाढलेल्या बाईला राज्य हाती आल्यावरही हा रोजचा सराव सोडावासा वाटला नाही. आणि आपण कुणा कारकुनाच्या बायकोला रविवारच्या एका तासात "राणीसारखी पळव" म्हणतो.

गोडसे भटजींनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. एक सौदागर दोन उमदे घोडे घेऊन आला. दिसायला दोन्ही सारखे. बाईसाहेबांनी दोन्हींवर स्वतः बसून ते मंडळावर फिरवले आणि एकाची भरघोस किंमत केली, दुसऱ्याची अगदी क्षुल्लक. कारण त्याच्या छातीत दोष आहे असं त्यांना बसल्याबसल्या जाणवलं. सौदागराने ते कबूल केलं. ही गोष्ट मला रणातल्या कुठल्याही प्रसंगापेक्षा मोठी वाटते. पाठीखाली घोडा कसा चालतो आहे, कुठलं पाऊल अडतंय, कुठे तो अंग चोरतोय, हे ज्या बाईला मांडीतून आणि कमरेतून कळत होतं, ती डोळे मिटून टाच मारणारी असूच शकत नाही. राणीचं स्वारीतलं मोठेपण या ऐकण्यात आहे. ते शिकायला वेळ लागतो, आणि आवळलेल्या शरीराला काहीही ऐकू येत नाही.

तिच्या शेवटाकडेही पाहा. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा की सरायच्या लढाईत ती पडली. तपशील वेगवेगळे सांगितले जातात, पण आपल्याकडे रूढ असलेल्या कथेत तिचा घोडा नवा होता, तिच्या सवयीचा नव्हता, आणि नाल्यापाशी तो अडला. ही कथा मानणाऱ्यांनी तरी तिचा अर्थ नीट लावावा. राणीकडे धैर्याची कमतरता नव्हती. उणीव होती ती त्या घोड्याच्या आणि तिच्या ओळखीची, आणि धैर्य कितीही असलं तरी ती ओळख एका दिवसात होत नाही. मग शनिवारी एक घोडा, रविवारी दुसरा, अशा पाळीने मिळणाऱ्या जनावरावर बसलेल्या नवशिक्याला दौडीची धास्ती वाटली तर त्यात नवल काय?

रक्ताचा युक्तिवाद फार वेळ खाण्याच्या लायकीचा नाही, तरी मराठी माणसाला तो इतका प्रिय आहे की दोन शब्द बोलायला हवेत. शिवकालीन घोडदळाचं वर्णन सभासदाच्या बखरीत आहे. त्यात आवेशापेक्षा व्यवस्था जास्त दिसते. पंचवीस बारगीरांवर एक हवालदार. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पावसाळ्यात छावणी, दाणावैरणीची तजवीज, जनावरांना विसावा, आणि दसऱ्याच्या सुमारास मोहीम. ते घोडदळ रक्तावर चाललं असतं तर नालबंदाची मोजदाद कुणी ठेवली नसती. भीमथडीच्या तट्टांवर दिवसाचे दिवस काढणाऱ्या शिलेदाराची मांड लहानपणापासूनच्या रोजच्या बसण्याने घडलेली होती. आज भारतीय लष्कराच्या ६१ कॅव्हलरीत राजपूत आणि कायमखान्यांच्या बरोबरीने मराठे आहेत. १९५३ मध्ये उभी राहिलेली ही घोडेस्वार रेजिमेंट प्रजासत्ताक दिनी कर्तव्यपथावरून जाते तेव्हा आम्ही दिल्लीकर मराठी ऊर भरून पाहतो. त्या जवानांनाही आडनाव पाहून दौडीवर सोडत नाहीत. त्यांना रिंगणात शिकवतात, रोज शिकवतात. आपली सत्तर वर्षांची आजी नऊवारीत घोड्यावर बसत होती असं अभिमानाने सांगणाऱ्या घरातल्या नातीने आयुष्य बस आणि मेट्रोत काढलेलं असतं. तिच्या कमरेला घोड्याची लय माहीत असण्याचं काही कारण नाही.

आता दौडीत नेमकं काय होतं ते पाहू, कारण सल्ला देणाऱ्या बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो. दुडकीत घोड्याचे तिरप्या जोडीतले पाय एकत्र पडतात. दोन ठोके, सरळ हिशोब. दौडीत तीन ठोके असतात. घोडा डावीकडे वळत असेल तर आधी उजवा मागचा पाय, मग डावा मागचा आणि उजवा पुढचा एकत्र, शेवटी डावा पुढचा. आणि त्यानंतर क्षणभर चारही पाय जमिनीवरून सुटलेले. स्वाराला वाटतं की घोड्याची पाठ आधी मागून उचलली जाते आणि मग पुढे ओतली जाते. कंबर सैल असेल तर ती या झोक्याबरोबर जाते आणि दौड ही दुडकीपेक्षा कितीतरी मऊ चाल आहे हे कळतं. घाबरलेलं शरीर मात्र उलटं वागतं. माणूस पुढे वाकतो, गुडघे आवळतो, टाच वर जाते, श्वास धरतो आणि दोन्ही लगाम ओढतो. आवळलेले गुडघे त्याला खोगिरातून वर ढकलतात. वर गेलेली टाच घोड्याच्या कुशीला लागते, आणि घोड्याला ती पुढे जाण्याची खूण वाटते. म्हणजे स्वार जितका घाबरतो तितका घोडा वेग घेतो, आणि वेग वाढला की स्वार आणखी घाबरतो.

आपल्याकडच्या अनेक राइडिंग स्कूलांत शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात. त्या घोड्याचं तरुणपण ज्या जॉकींखाली गेलं ते पाठ सोडून पुढे झुकलेले आणि लगाम ताणून धरलेले असत. त्याच्या डोक्यात त्या बसण्याचा एकच अर्थ पक्का बसलेला आहे: पळ. घाबरलेली बाई अगदी तशीच बसते. घोडा बिचारा जे शिकला ते इमानाने करतो, आणि मैदानाच्या कडेला उभा असलेला कुणीतरी ओरडतो, "घाबरू नका!" त्या क्षणी त्या दोन शब्दांचा काडीचा उपयोग नसतो. बसणं बदलल्याशिवाय भीती जात नाही, आणि पळत्या घोड्यावर भीतीच्या भरात कुणाचंच बसणं बदलत नाही. म्हणून हे बदल दौडीच्या आधी, कमी वेगात, उभ्या घोड्यावर आणि दुडकीत करून घ्यावे लागतात.

"भीती दाखवू नकोस, घोड्याला कळते" या वाक्याचा उत्तरार्ध खरा आहे आणि त्यामुळेच पूर्वार्ध फोल आहे. स्वीडनमध्ये लिंडा कीलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना ठरलेल्या वाटेवरून घोडा नेण्यास किंवा त्यावर बसून जाण्यास सांगितलं. शेवटच्या फेरीआधी बजावलं की आता वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि घोड्यांचेही वाढले, ज्यांना छत्रीविषयी कुणी काही सांगितलेलं नव्हतं. लपवणं शक्यच नाही, तर लपवायला सांगून काय साधतं? माणूस भीती दाबतो म्हणजे श्वास दाबतो, जबडा आवळतो, आणि घोड्याला नेमकं तेच जाणवतं. त्यापेक्षा उस्तादाला मोठ्याने सांगावं: मला भीती वाटते आहे, चालीवर येऊ या. बोलताना श्वास सुटतो. मी दौडीत मोठ्याने पाढे म्हणत असे. बे एकं बे म्हणायचं तर श्वास धरून ठेवता येत नाही, एवढं साधं त्याचं कारण. कुणी अभंग म्हणावा, कुणी एक-दोन-तीन मोजावं.

"एकदा पळव, भीती मोडेल" या मताच्या मागे थोडं सत्य आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. टाळत राहिल्याने भीती वाढते. जी व्यक्ती वर्षानुवर्षं दुडकीवरच थांबते, दर वेळी "पुढच्या आठवड्यात" म्हणते, तिच्या मनात दौड मोठी मोठी होत जाते. मैदानाबाहेर बसून कुणाचीही भीती गेलेली नाही. "या वयात कशाला, सोडून द्या" असं म्हणणारे हितचिंतकही म्हणूनच मला तितकेच नामंजूर आहेत. पण समोर जाणं आणि ढकललं जाणं यांत फार अंतर आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाची भीती घालवली ती ससा त्याच्या मांडीत टाकून नव्हे. मूल आवडीचं खाताना ससा खोलीच्या दूरच्या टोकाला पिंजऱ्यात, मग थोडा जवळ, मग मोकळा, आणि अखेर ते मूल त्याला कुरवाळू लागलं. पुढे १९५८ मध्ये जोसेफ वोल्पी यांनी या पायऱ्यांची पद्धतशीर उपचारपद्धती मांडली. ढकललेल्या माणसाचं दोनपैकी एक होतं. नशिबाने तो टिकला तर "वाचलो" एवढंच शिकतो. पडला किंवा घोडा उधळला तर भीतीला आता पुरावाही मिळतो. माथेरानला किंवा महाबळेश्वरला लहानपणी घोडेवाल्याने गंमत म्हणून तट्टू अचानक पिटाळलं आणि त्यानंतर घोड्याजवळ कधी गेलो नाही, असं सांगणारी माणसं मराठी घरांत कमी नाहीत. त्यांची भीती एका पळवण्याने मोडायला हवी होती. ती तिथेच तर जन्मली.

यात एक गोष्ट मला विशेष लागते. झेनोफॉन या ग्रीक सेनानीने येशूच्या जन्माच्या साडेतीनशेहून अधिक वर्षं आधी स्वारीवर जे पुस्तक लिहिलं, त्यात तो सांगतो की घोडा एखाद्या वस्तूला बुजला तर त्याला मारू नये. मारल्याने भीती वाढते, कारण दुखण्याचं कारण ती वस्तूच आहे असं त्याला वाटतं. आपण ती वस्तू हाताळून दाखवावी आणि त्याला हळूहळू तिच्याजवळ न्यावं. जगातला प्रत्येक चांगला चाबूकस्वार आजही हेच करतो. बुजऱ्या शिंगराला महिनाभर वेळ देणारे आपले उस्ताद त्याच्या पाठीवर बसलेल्या माणसाला मात्र एक दिवस द्यायला तयार नसतात. जनावराला दिलेली माया माणसाला नाकारण्याचं कारण मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

तिथल्या तिथे परत चढण्याचा सल्ला सिनेमातून आला असावा. पडलेल्याच्या डोक्याला मार बसला असेल, क्षणभर जरी त्याला गरगरलं किंवा तो गोंधळला, तर त्या दिवशी त्याने घोड्यावर बसताच कामा नये. दुसरा मार पहिल्यापेक्षा घातक ठरू शकतो. आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाच्या उड्यांच्या स्पर्धेत स्वार पडला की तो बाद होतो, पुढे जाऊ दिलं जात नाही. जगातल्या सर्वोत्तम स्वारांना जी सक्ती आहे ती आपल्या पोरांना भेकडपणा म्हणून शिकवणं हा अपराध आहे. मार नसेल, मन तयार असेल, तर जरूर चढावं, चालीवर दोन फेऱ्या माराव्यात आणि उतरावं. ते ठरवण्याचा हक्क पडलेल्याचा.

मग दौड शिकवायची कशी? व्हिएन्नाच्या स्पॅनिश राइडिंग स्कूलमध्ये नव्या उमेदवारांना महिनोन्महिने दोरीवरच्या घोड्यावर बसवतात. उस्ताद मध्यभागी लांब दोरी धरून उभा, घोडा त्याच्याभोवती वर्तुळात, स्वाराच्या हाती लगाम नाही, पायात रिकीब नाही. वेग आणि दिशा उस्तादाच्या ताब्यात असल्यामुळे स्वाराला फक्त बसायचं असतं. आमच्याकडच्या जुन्या रिसालदारांनाही ही पद्धत उत्तम येते. येत नाही ते फक्त गिऱ्हाइकाची घाई थोपवणं. घोड्याच्या गळ्याभोवती एक पट्टा बांधून नवशिक्याने तो धरावा, म्हणजे तोल गेला तरी लगामाला हिसका बसून घोड्याच्या तोंडाला इजा होत नाही. सुरुवातीला वर्तुळात फक्त चार-सहा ढांगा दौड, आणि लगेच दुडकी. पुन्हा चार-सहा ढांगा. लांब दौडीपेक्षा दौडीत जाणं आणि दौडीतून बाहेर येणं, हाच खरा अभ्यास. बहुतेकांना धडकी भरते ती दौडीत नाही, तिच्या आधीच्या त्या खडबडीत, वाढत जाणाऱ्या दुडकीत. दुडकी पळवत पळवत कसंतरी दौडीत ढकलायची ही वाईट सवय शिकवणाऱ्यांनी सोडली तर निम्मी भीती तिथेच ओसरेल. संथ दुडकीतून, कोपऱ्यावर, बाहेरचा पाय खोगिराच्या तंगाच्या किंचित मागे नेऊन घोड्याला शांतपणे उचलता येतं.

त्याहीआधी थांबणं. दोन्ही लगाम घट्ट ओढून धरले तर पळत्या घोड्याला त्यावर भार टाकायला आधारच मिळतो. त्याला मोठ्या वर्तुळात वळवायचं, वर्तुळ हळूहळू लहान करत न्यायचं, लगाम ओढून-सोडून घ्यायचा, पाठ ताठ करून खोगिरात खोल बसायचं. हे चालीवर शिकता येतं, दुडकीवर पक्कं करता येतं. आपण घोडा थांबवू शकतो हे ज्या दिवशी शरीराला पटतं, त्या दिवशी दौडीची भीती आकाराने लहान झालेली असते, कुणी धीर द्यावा लागत नाही.

हा मार्ग लांबचा आणि कंटाळवाणा आहे असं म्हणणाऱ्यांनी २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेकडे पाहावं. घोडेस्वारीत १९८२ च्या दिल्ली एशियाडनंतर पहिल्यांदाच भारताला सुवर्ण मिळवून दिलं ते ड्रेसाज संघाने. सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, अनुष अगरवाला आणि मुंबईचा हृदय छेडा. ड्रेसाजमध्ये वेगाला एकही गुण नाही. ठरलेल्या ठिपक्यावर दौड सुरू होणं, ठरलेल्या ठिपक्यावर ती संपणं, आणि मधल्या वेळात घोड्याने शांत राहणं, यालाच तिथे गुण असतात.

राहता राहिली मुलांची शिबिरं. मे महिन्याच्या सुट्टीत महाराष्ट्रातही ती गावोगाव भरतात आणि दिल्लीतही. शेवटच्या दिवशी पालकांसमोर प्रात्यक्षिक असतं आणि त्यात दौड असावी असा पालकांचाच आग्रह असतो, कारण फोनवर तीच चांगली दिसते. एवढ्या थोड्या दिवसांत कुठल्याही मुलाची मांड दौडीइतकी पक्की होत नाही, हे प्रत्येक उस्तादाला ठाऊक असतं आणि फी घेतलेली असल्यामुळे तो बोलत नाही. ते बोलण्याचं काम आपण पालकांनी करावं. पैसे भरण्याआधी विचारावं: दोरीवरचा धडा देता का? हेल्मेट मापाचं मिळतं का? मुलाने "थांबा" म्हटलं तर घोडा खरोखर थांबतो का? तिन्हींना हो असेल तरच नाव घालावं. आणि शेवटच्या दिवशी आपल्या मुलीने चालीवर एक वर्तुळ काढून, आपणहून लगाम घेऊन, घोडा चारही पायांवर चौरस उभा करून दाखवला, तर तिच्या हातून दौड झाली नाही अशी तक्रार उस्तादाकडे नेऊ नये.